वॉशिंग्टन मूळचे कुठले? गावावरून पडलेल्या इंग्रजी आडनावाचा माग काढताना

गावावरून आडनाव पडतं ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शेवटी ‘कर’ आला की आपण लगेच विचारतो, ‘म्हणजे मूळचे तिकडचे का?’ मात्र त्यातली एक खोच आपल्या सहसा लक्षात येत नाही. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणत नाही, कारण तिथे सगळेच चिपळूणचे. तो घाट चढून पुण्यात आला की मग चिपळूणकर होतो. म्हणजे आडनावातलं गाव हे बहुतेक वेळा घराण्याने सोडलेलं गाव असतं.

इंग्लंडातही हेच झालं. अशा आडनावाचा शोध घेताना हे एवढं एक पक्कं धरलं तर निम्म्या चुका टळतात. याला अपवाद एकच, तो गावाच्या मालकाचा. ज्याच्याकडे गावाचं वतन असे, तो तिथेच राहूनही गावाचं नाव लावत असे.

उदाहरण म्हणून वॉशिंग्टन हे आडनाव घेतो. ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि शोधातल्या जवळजवळ सगळ्या खाचा त्यात सापडतात. तुमच्या मनात दुसरं आडनाव असेल, म्हणजे कंपनीतल्या सहकाऱ्याचं, सुनेच्या माहेरचं किंवा एखाद्या जुन्या कबरीवर वाचलेलं, तर त्यालाही हीच पद्धत लावा.

पहिली पायरी: आडनाव खरंच गावाचं आहे का?

इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार प्रकार: बापाच्या नावावरून (जॉन्सन), धंद्यावरून (स्मिथ, टेलर), टोपणनावावरून (शॉर्ट, ब्राऊन) आणि जागेवरून. जागेच्या आडनावांतही दोन जाती आहेत. हिल, वूड, ब्रुक ही आडनावं टेकडी, रान, ओढा यांच्याजवळ राहणाऱ्याला पडली. टेकड्या आणि ओढे देशभर असल्याने अशा आडनावाचं मूळ गाव शोधण्यात अर्थ नाही. आपल्याला दुसरी जात हवी आहे, ज्यात नाव असलेलं एक विशिष्ट गाव किंवा वाडी आहे.

ती शेपटीवरून ओळखा. ‘टन’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘टून’चं रूप. त्याचा मूळ अर्थ कुंपण, मग कुंपणातलं शेत-घर, मग वाडी, मग गाव. ‘हॅम’ म्हणजे वस्ती, ‘ली’ म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा, ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, ‘बरी’ म्हणजे गढी. ‘बी’ आणि ‘थ्वेट’ ही व्हायकिंगांची देणगी. डर्बी, सेल्बी, थ्वेट असं काही दिसलं की नजर उत्तर आणि पूर्व इंग्लंडकडे वळवायची. ‘रॉइड’ असेल तर थेट यॉर्कशरचा पश्चिम भाग. आपल्याकडे ‘नेर’, ‘पाडा’, ‘वली’ ऐकून जसा मुलखाचा अंदाज येतो, तसंच हे.

इथे फसायची जागा म्हणजे आजचा अर्थ. रॅम्सबॉटम ऐकून इंग्रज पोरंही फिदीफिदी हसतात, पण तिथे ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ. वॉशिंग्टनचाही कपडे धुण्याशी काही संबंध नाही. वस्सा नावाचा कोणी सॅक्सन माणूस, त्याच्याशी नातं सांगणारा मधला ‘इंग’ आणि शेवटी ‘टून’. मराठीत सांगायचं तर ‘वस्साची वाडी’.

दुसरी पायरी: त्या नावाची गावं किती?

घाई इथे नडते. पहिलं गाव सापडलं की माणूस खूश होऊन थांबतो. पण नुसत्या पुण्याच्या आसपास वडगाव मावळ, वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक आहेत, मग वडगावकर नेमके कुठले? इंग्लंडात न्यूटन (नवेगावच म्हणा), सटन (दक्षिणेकडची वाडी), नॉर्टन (उत्तरेकडची), वेस्टन (पश्चिमेकडची) या नावांची गावं डझनांनी आहेत. आपल्यासारखं बुद्रुक-खुर्दही आहे. लेस्टरशरमध्ये अॅश्बी मॅग्ना आणि अॅश्बी पार्वा आहेत, म्हणजे थोरलं आणि धाकटं. अशा आडनावाला एक उगम नसतोच. त्याचे दहा-वीस स्वतंत्र उगम असतात आणि त्या सटनांचं एकमेकांशी नातं असायचं काही कारण नाही.

वॉशिंग्टन त्या मानाने सोपं, तरी तिथेही तीन दारं आहेत. एक वॉशिंग्टन उत्तरेत, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात, आजच्या संडरलंड शहराजवळ. दुसरं थेट दक्षिणेला, पश्चिम ससेक्समध्ये. तिसरं डर्बीशरमधलं वेसिंग्टन. या तिसऱ्याकडे नीट पाहा, कारण चकवा तिथे आहे. डरहॅमच्या वॉशिंग्टनचं जुन्या कागदांतलं स्पेलिंगही ‘वेसिंग्टन’च्या जवळ जातं, पण डर्बीशरच्या गावाचं १०८६ सालच्या डोमस्डे बुकातलं (विल्यम राजाने करवलेल्या जमीनपाहणीच्या नोंदवहीतलं) रूप आहे ‘विस्तनेस्टून’, म्हणजे विगस्टन नावाच्या माणसाची वाडी. आज एकाच घरातली वाटणारी ही नावं जन्माने वेगळी आहेत.

म्हणून गावाचं आजचं नाव बघून थांबायचं नाही, त्याचं सर्वांत जुनं लिखित रूप शोधायचं. त्यासाठी दोन फुकट सोयी आहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ग्रामनामांचा कोश ऑनलाइन आहे. गावावर टिचकी मारली की व्युत्पत्ती मिळते. डोमस्डे बुकही नकाशासह ऑनलाइन आहे. मात्र डोमस्डेत डरहॅमचं वॉशिंग्टन शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. म्हणून ‘गाव तेव्हा नव्हतंच’ असा निष्कर्ष काढू नका. विल्यम राजाच्या त्या पाहणीत डरहॅम आणि नॉर्थंबरलंड धरलेच नव्हते, लंडनसुद्धा नव्हतं. डरहॅमसाठी पाहायचं ते ११८३ सालचं ‘बोल्डन बुक’, बिशपच्या जमिनींची नोंदवही.

आणि वॉशिंग्टन घराण्याची सुरुवात तिथेच सापडते. विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराने आपलं हर्टबर्न गाव बिशपला देऊन बदल्यात वेसिंग्टन घेतलं. जहागीर बदलली तसं नावही बदललं आणि हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा झाला. बाराव्या शतकात आडनाव किती कच्चं होतं ते यात दिसतं. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी सरदारांनी, मग शहरांतल्या व्यापाऱ्यांनी आणि शेवटी कुळांनी ते पिढीजात केलं. ढोबळमानाने १४०० पर्यंत बहुतेकांचं स्थिर झालं, उत्तरेत आणखी उशिरा. त्यामुळे तेराव्या शतकातल्या ‘अमुक गावचा जॉन’चा मुलगाही त्याच नावाने ओळखला गेला असेल, असं धरून चालता येत नाही.

नकाशावर गाव अजिबात सापडलं नाही तर? तरी निराश होऊ नका. मध्ययुगात ओस पडलेली सुमारे तीन हजार गावं इंग्लंडात नोंदलेली आहेत. काही रोगराईने गेली, काही जमीनदारांनी शेती मोडून मेंढ्या घातल्या म्हणून. गाव मेलं तरी आडनाव उरतं. शिवाय पुष्कळ आडनावं गावाच्याही खालच्या पातळीवरची, चार घरांच्या वाडीची किंवा एकाच शेतवाडीची असतात. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिथल्या सरकारी मोजणी खात्याचे, जुने मोठ्या मापाचे नकाशे पाहावे लागतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा.

तिसरी पायरी: स्पेलिंगांची यादी

वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा. कारकून कानावर पडेल तसं लिहायचा आणि बोलणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. वेसिंग्टन, वासिंग्टन, वेशिंग्टन, मधला ‘आय’ जाऊन ‘वाय’, असं काहीही चालायचं. डरहॅम मठाचा १४१६ ते १४४६ या काळातला प्रमुख जॉन आपलं आडनाव ‘वेसिंग्टन’च लावायचा. तुम्ही फक्त आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर असा माणूस हातचा जाईल. आडनाव मोठ्याने, तोंडात सुपारी धरल्यासारखं म्हणून बघा आणि जे जे ऐकू येईल ते लिहा. हे मी गमतीने सांगत नाही. संकेतस्थळांवर तारांकन टाकून शोधायची सोय असते, पण ती पहिल्या अक्षराच्या घोटाळ्यावर सहसा चालत नाही. कान चालतो.

चौथी पायरी: १८८१ चा नकाशा

माझ्या मते सगळ्यात रंजक काम हेच. १८८१ ची जनगणना नावानिशी आणि जन्मगावानिशी संगणकावर आहे. इंग्लंड-वेल्समधली सुमारे २ कोटी ६० लाख माणसं त्यात आहेत आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं काढून ती पाहता येते. औद्योगिक क्रांतीने माणसं हलली होती, तरी बहुतेक आडनावं तेव्हाही आपल्या मूळ मुलखाला चिकटून होती. आजच्या टेलिफोन यादीपेक्षा हा नकाशा कितीतरी बोलका आहे.

आडनाव घाला, परगण्यावार आकडे काढा. पण नुसते आकडे पाहू नका. समजा एका आडनावाची लँकेशरमध्ये ३०० माणसं निघाली आणि वेस्टमोरलंडमध्ये ६०. पटकन वाटेल, आडनाव लँकेशरचं. पण १८८१ मध्ये लँकेशरची लोकसंख्या साधारण साडेचौतीस लाख होती आणि वेस्टमोरलंडची जेमतेम ६४ हजार. म्हणजे लँकेशरमध्ये लाखात ९ माणसं आणि वेस्टमोरलंडमध्ये लाखात ९४. घर वेस्टमोरलंडमध्ये आहे. लँकेशरला मंडळी गिरण्यांसाठी गेली. हा भागाकार न करता काढलेले नकाशे सगळी आडनावं लंडनचीच असल्याचं सांगतात.

याच नोंदींत ‘जन्मगाव’ हा रकाना आहे. शहरात राहणाऱ्या साठीच्या माणसाचं जन्मगाव म्हणजे त्याची १८२० च्या सुमाराची जागा. फक्त पन्नाशीपुढच्या माणसांची जन्मगावं नकाशावर टिपली तर ठिपके एकदम दाटून येतात. तो घोळका गावापासून एक-दोन दिवसांच्या चालीवर पडला तर जुळलं असं समजा. दीडशे मैलांवर पडला तर त्याच नावाची दुसरी वाडी राहून गेली का ते पाहायला दुसऱ्या पायरीवर परत जा.

पाचवी पायरी: मागे चालत जाणं

एखाद्या प्रत्यक्ष घराण्याचा माग काढायचा असेल तर क्रम नेहमी आजपासून मागे. जॉर्ज वॉशिंग्टनपासून खाली उतरत आपल्यापर्यंत येऊ पाहणारे लोक हमखास फसतात.

१ जुलै १८३७ पासून जन्म, मृत्यू आणि लग्नाची सरकारी नोंद आहे. त्याआधी पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, नोंदवह्या, त्या १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाल्या. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पहिली पानं गेलेली आहेत. त्याहीमागे मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, १३७७ ते १३८१ मधले डोईपट्टीचे कागद. विसाव्या शतकात एक मोठी फट आहे. १९३१ च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे कागद आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. दुसरी फट १६४२ नंतरच्या यादवीची. राजा आणि पार्लमेंट लढत होते आणि पुष्कळ पॅरिशांच्या वह्या धड लिहिल्याच गेल्या नाहीत.

वॉशिंग्टनांची गोष्ट नेमकी या फटीतून जाते. डरहॅमच्या घराण्याची एक शाखा लँकेशरमधल्या वॉर्टनला गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दॅम्प्टनला येऊन लोकरीच्या व्यापारात पैसा कमावून बसला, दोनदा शहराचा मेयर झाला आणि आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची मठाची जमीन विकत घेतली. त्याच वंशातला दुसरा लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री होता. राजाच्या बाजूचा म्हणून १६४३ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी त्याला हाकललं आणि वर दारूच्या गुत्त्यात पडून असतो असा आळ घातला. बापाची भाकरी गेली. मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर लागला, १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात उतरला आणि तिथेच लग्न करून राहिला. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा. चार मुलूख आणि पाच शतकं, आणि या सगळ्या काळात डरहॅमच्या गावाचं नाव सोबतीला.

शोधताना कोणीतरी ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ विकायला येईलच, कपावर किंवा चौकटीत घालून. घेऊ नका. इंग्लंडात ढालीवरचं चिन्ह माणसाला आणि त्याच्या थेट वारसांना मिळतं, आडनावाला नाही. वॉशिंग्टनांचं चिन्ह, पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, सल्ग्रेव्हच्या घरावर आहे. १९३८ पासून ते वॉशिंग्टन डी.सी.च्या झेंड्यावरही आहे. पण वॉशिंग्टन आडनावाच्या सगळ्यांचं ते कधीच नव्हतं.

सहावी पायरी: समुद्रापलीकडे नियम बदलतात

आतापर्यंतचा हिशेब इंग्लंडच्या आतला झाला. आजचं वितरण पाहायला लागलात की चित्र उलटंपालटं होतं. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं निघाली आणि त्यांतली ९० टक्के कृष्णवर्णीय.

या आकड्यावरून ‘म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलामांचे वंशज’ असं पुष्कळजण म्हणून टाकतात. ते तसं नाही. गुलामांना कागदोपत्री आडनाव नसे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत त्यांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव, गुलामाचं वय, लिंग आणि रंग आहेत, त्याचं स्वतःचं नाव नाही. स्वातंत्र्यानंतर, १८७० च्या जनगणनेत, ही माणसं पहिल्यांदा नावानिशी उमटली. काहींनी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, काहींनी आपलं आधीपासूनचं उघड केलं आणि पुष्कळांनी स्वतः निवडलं. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. शाळेत हजेरी घेताना बाकी मुलांना दोन-दोन नावं आहेत हे लक्षात आल्यावर या पोराने आपली पाळी येईपर्यंत विचार केला आणि ‘बुकर वॉशिंग्टन’ असं सांगून टाकलं. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव नव्या नागरिकाला शोभेल, असंही काहींना वाटलं असावं. डरहॅममधली ती वाडी कोणाच्या गावीही नव्हती.

मग अशा माणसाच्या बाबतीत पहिल्या पाच पायऱ्या बाजूला ठेवायच्या. सुरुवात १८७० च्या जनगणनेपासून, मग फ्रीडमेन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे) कागद, मग त्या परगण्यातल्या जमीनमालकांची मृत्युपत्रं आणि विक्रीखतं. आडनावावरून गाव नव्हे, गावावरून माणूस शोधायचा.

निवडलेलं गाव-आडनाव आपल्यालाही नवं नाही. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं. कुठे गाव मनात धरून नाव घेतलं, कुठे नाव घेतलं तेव्हा गाव माहीतही नव्हतं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून कागदाच्या पलीकडची गोष्ट विचारावी लागते.

सातवी पायरी: रक्त आणि नाव

आडनाव आणि वाय गुणसूत्र, दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. त्यामुळे डीएनए चाचणीचा इथे खरा उपयोग होतो. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० इंग्रजी आडनावांच्या पुरुषांचा असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. नॉटिंगहॅमशरमधल्या अॅटनबरो गावावरून पडलेलं अॅटनबरो हे दुर्मीळ आडनाव लावणाऱ्या पुरुषांपैकी बहुसंख्य एकाच मूळ पुरुषाचे निघाले. स्मिथांत मात्र असं काहीच साम्य नव्हतं, कारण लोहार गावोगावी होते. तेव्हा आडनाव दुर्मीळ आणि गाव एकच असेल तर चाचणीवर पैसे घाला. सटन किंवा न्यूटनसाठी घालू नका. आणि ती मुलाची वाट आहे, मुलीकडच्या नातलगाचा नमुना देऊन चालत नाही.

उत्तर नकारार्थी आलं तर लगेच पणजीच्या चारित्र्यावर घसरायची गरज नाही. दत्तक, वारसा, सोयीसाठी बदललेलं नाव, असली कारणं ढिगाने सापडतात. सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या जालना जिल्ह्यात येऊन गेलंय. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. वेलस्ली हे आडनाव सॉमरसेटमधल्या वेलस्ले नावाच्या जागेवरून आलेलं. पण आर्थरचे आजोबा रिचर्ड हे मुळात कॉली. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली नावाच्या नातलगाची आयर्लंडमधली इस्टेट त्यांना मिळाली आणि इस्टेटीसोबत त्यांनी आडनावही घेतलं. आर्थर तरुणपणी ‘वेस्ली’ अशीच सही करायचा, १७९८ मध्ये तो ‘वेलस्ली’वर आला. पुढे पदवी घ्यायची वेळ आली तेव्हा भावाने सॉमरसेटमधलंच, उच्चाराने आडनावाशी जुळणारं वेलिंग्टन गाव निवडलं. गावावरूनच्या आडनावावर गावावरूनचीच पदवी, आणि पुरुषवंशाने दोन्हींशी संबंध नाही.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक आडनावाला चार ओळी पुरतात: जुन्यात जुनं रूप आणि त्याचं साल, संभाव्य गावं (सगळी, आवडतं एकच नव्हे), १८८१ मधला दाटीचा भाग आणि चौथी ओळ खात्रीची. चौथीत तीनच शेरे वापरा: ‘कागद आहे’, ‘नकाशा जुळतो’ आणि ‘ऐकीव’. वॉशिंग्टनच्या पानावर पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या घराण्यापुढे ‘कागद आहे’ लिहिता येतं. डर्बीशरमध्ये एखादं वॉशिंग्टन कुटुंब सापडलं तर नकाशा जुळेपर्यंत वेसिंग्टन आणि डरहॅम ही दोन्ही नावं पेन्सिलीनेच लिहा. आणि शिकागोतल्या एखाद्या वॉशिंग्टनच्या पानावर गावाची जागा कोरी ठेवून आधी १८७० ची जनगणना उघडा.